डार्विनचे घोडे आणि तीळ-तांदळाचा वारसा

घोड्याचा रंग पाहून पारख करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. अंगावर मोठाले पांढरे पट्टे असलेला तो अबलख, चारही पाय आणि तोंड पांढरे असलेला तो पंचकल्याणी. ज्याने कधी लगाम हातात धरला नाही, त्यालाही हे शब्द ठाऊक असतात. दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याला घोडेबाजार भरतो, तिथे आजही रंग आणि भोवरे पाहून किंमत चढते-उतरते. मात्र एक रंग जाणकारांनाही चकवतो. तांबड्या, तपकिरी किंवा काळ्या केसांत पांढरे केस अंगभर विखुरलेले असतात आणि लांबून घोडा गुलाबीसर किंवा निळसर राखाडी दिसतो. इंग्रजीत त्याला रोन म्हणतात. जवळ जाऊन पाहावे, तर तीळ आणि तांदूळ एकत्र केल्यासारखे दिसते. प्रत्येक केस एक तर रंगीत, नाही तर पांढरा. दोन्ही रंग मिसळून फिका झालेला केस त्यात नसतो.

हा रंग चार्ल्स डार्विनने पाहिला होता आणि आपल्या प्रवासवर्णनात नोंदवलाही होता. आईवडिलांचे गुण मुलांत कसे उतरतात, या प्रश्नाने त्याला आयुष्यभर सतावले. उत्तराचा एक मोठा भाग त्या घोड्यांच्या अंगावरच होता, पण तो त्याला वाचता आला नाही. ही गोष्ट आज सांगायचे कारण असे, की यवतमाळसारख्या जिल्ह्यात सरकारी रुग्णालयात बसणाऱ्या डॉक्टरला हाच प्रश्न वारंवार भेटतो. कधी तो पांढऱ्या डागाच्या रूपाने येतो, कधी रातांधळेपणाच्या, तर कधी सिकलसेलच्या.

डॉक्टरकी सोडलेला मुलगा

डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधील श्रूजबरी येथे झाला. वडील रॉबर्ट हे नावाजलेले डॉक्टर, आजोबा इरॅस्मस हेही डॉक्टर. मुलगा आठ वर्षांचा असताना आई गेली. घरची परंपरा पुढे चालावी म्हणून वडिलांनी त्याला १८२५ मध्ये एडिनबराला वैद्यकीय शिक्षणासाठी पाठवले. त्या काळी भूल नव्हती. ईथर १८४६ मध्ये आणि क्लोरोफॉर्म १८४७ मध्ये वापरात आले. तरुण डार्विनने दोन शस्त्रक्रिया पाहिल्या, त्यातली एक लहान मुलावरची होती. दोन्ही वेळा तो काम पुरे होण्याआधीच बाहेर पडला आणि पुन्हा त्या खोलीत गेला नाही. दोन वर्षांत त्याने डॉक्टरकी सोडली.

मग वडिलांनी त्याला पाद्री करायचे ठरवून केंब्रिजला धाडले. तिथे त्याचे लक्ष भुंगेरे गोळा करण्यात, शिकारीत आणि घोडेस्वारीत अधिक होते. पदवी मिळाली आणि थोड्याच दिवसांत बीगल या जहाजावरून जगप्रवासाला जाण्याची संधी चालून आली. वडील आधी नको म्हणाले, मामाने रदबदली केली. २७ डिसेंबर १८३१ रोजी जहाज निघाले तेव्हा डार्विन २२ वर्षांचा होता. परत आला तो २ ऑक्टोबर १८३६ रोजी, जवळपास पाच वर्षांनी.

या पाच वर्षांतला मोठा काळ त्याने जमिनीवर घालवला, आणि त्यातला बराचसा घोड्याच्या पाठीवर. १८३३ मध्ये अर्जेंटिनाच्या गवताळ मैदानांतून त्याने तिथल्या गुराख्यांबरोबर शेकडो मैल प्रवास केला. हे गुराखी दोरीला गोळे बांधून ते धावत्या जनावराच्या पायांकडे फेकत आणि त्याला अडकवून पाडत. डार्विनने हे करून पाहिले, तर दोरी त्याच्याच घोड्याच्या पायात अडकली. गुराखी पोट धरून हसले. त्याच वर्षी त्याला जमिनीत घोड्याचा एक जुना, अश्मीभूत दात सापडला. स्पॅनिश लोकांनी अमेरिकेत घोडे आणले ते सोळाव्या शतकात. म्हणजे त्याआधी कधी काळी तिथे घोडे होते आणि नाहीसे झाले होते. प्राणी कायमचे नाहीसे होतात, हे त्या दाताने त्याच्या मनावर ठसवले.

मार्च १८३४ मध्ये तो फॉकलंड बेटांवर होता. १७६४ मध्ये फ्रेंचांनी तिथे आणलेल्या घोड्यांचे वंशज मोकाट हिंडत होते. डार्विनने दोन गोष्टी टिपल्या. हे घोडे अंगाने लहान राहिले होते, आणि त्यांच्यात रोन व लोखंडी राखाडी हे रंग जास्त होते. थोड्याशा मूळ घोड्यांपासून वाढलेल्या कळपात एखादा रंग असा पसरतो, हे आज आपण जाणतो. डार्विनला तेव्हा ते जाणण्याचा मार्ग नव्हता. त्याने नोंद केली आणि तो पुढे गेला.

घरातली काळजी

परत आल्यावर २९ जानेवारी १८३९ रोजी त्याने एमा वेजवूडशी लग्न केले. एमा ही त्याच्या मामाची मुलगी. आपल्याकडे अनेक समाजांत हे नाते चालते, तसे ते तेव्हाच्या इंग्लंडमध्येही चालत असे. १८४२ मध्ये हे कुटुंब लंडनजवळच्या डाउन या खेड्यात राहायला गेले आणि डार्विन उरलेले आयुष्य तिथेच राहिला. दहा मुले झाली. त्यांतली तीन लहानपणीच गेली. मेरी तान्ही असतानाच गेली. सर्वांत लाडकी ॲनी १८५१ मध्ये दहाव्या वर्षी गेली, बहुधा क्षयाने. धाकटा चार्ल्स १८५८ मध्ये स्कार्लेट तापाने गेला.

डार्विन स्वतःही सतत आजारी असे. उलट्या, पोटदुखी, छातीत धडधड आणि थकवा यांनी त्याचे आठवड्यांमागून आठवडे वाया जात. त्याने थंड पाण्याचे उपचार घेतले, पथ्ये पाळली. त्याला नेमके काय झाले होते, यावर डॉक्टर आजही वाद घालतात. साठीच्या जवळ आल्यावर एका डॉक्टरांनी त्याला रोज घोड्यावर बसायचा सल्ला दिला. टॉमी नावाचा शांत घोडा आणला गेला. काही काळ हा व्यायाम त्याला मानवला. पुढे १८६९ मध्ये टॉमी ठेचकाळला आणि डार्विनला घेऊन खाली आला, तेव्हा घोडेस्वारी सुटली.

मुलांच्या प्रत्येक आजारात त्याला एक शंका येई: आपल्या प्रकृतीची उणीव यांच्यात उतरली का? जवळच्या नात्यातल्या लग्नाने ती वाढली का? ही शंका त्याने मनातच ठेवली नाही. अकरा वर्षे त्याने रोपांवर प्रयोग केले आणि १८७६ मध्ये पुस्तक लिहून दाखवले, की स्वतःच्याच परागांनी झालेली रोपे बहुतेक वेळा परक्या परागांनी झालेल्या रोपांपेक्षा कमजोर निघतात. १८७० मध्ये त्याने प्रयत्न केला, की १८७१ च्या जनगणनेत चुलत-मामे नात्यातल्या लग्नांबद्दल एक प्रश्न विचारला जावा. पार्लमेंटने तो नाकारला. मग त्याचा मुलगा जॉर्ज याने मिळेल त्या मार्गाने आकडे गोळा करून १८७५ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला.

काठेवाडी घोड्यांचे पट्टे

नैसर्गिक निवडीचा विचार डार्विनजवळ १८३८ पासून होता. तो वीस वर्षे पुरावे जमवत बसला. कबुतरे पाळणारे, कोंबड्या पाळणारे, घोडे पैदा करणारे, माळी, परदेशातले लष्करी अधिकारी, सगळ्यांना त्याची पत्रे जात. १८५८ मध्ये आल्फ्रेड वॉलेसचा तसाच विचार मांडणारा लेख हाती आला तेव्हा घाई करणे भाग पडले. २४ नोव्हेंबर १८५९ रोजी ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ बाहेर पडले.

त्या ग्रंथात आपल्या देशातले घोडे आहेत. कर्नल पूल नावाच्या अधिकाऱ्याने सरकारसाठी काठेवाडी घोड्यांची पाहणी केली होती. त्याने डार्विनला कळवले, की या घोड्यांच्या पाठीवर, पायांवर आणि कधी खांद्यावर पट्टे असतात आणि पट्टे नसलेला घोडा अस्सल मानला जात नाही. शिंगरात पट्टे ठळक असतात आणि म्हातारपणी कधी कधी पुसट होतात, हेही त्याने सांगितले. घोडा, गाढव आणि झेब्रा यांचा पूर्वज एकच असावा आणि तो पट्टेवाला असावा, असा निष्कर्ष डार्विनने त्यावरून काढला. अंगावरची खूण वयाबरोबर बदलते का, हे विचारण्याची त्याची सवय इथे दिसते. ती सवय पुढे आपल्या कामी येणार आहे.

त्याच ग्रंथात त्याने आणखी एक गोष्ट नोंदवली. निळ्या डोळ्यांची पांढरी मांजरे बहुधा बहिरी असतात. काही वनस्पती खाल्ल्याने पांढऱ्या मेंढ्या आणि डुकरे आजारी पडतात, काळी वाचतात. पुढच्या पुस्तकात त्याने अशा घोड्यांची उदाहरणे दिली, की ज्यांची कातडी विशिष्ट चारा खाल्ल्यावर फक्त पांढऱ्या केसांच्या जागी सुजून सडली होती. आपल्या भागातल्या गोपालकांना यात नवल वाटणार नाही. घाणेरीचा पाला खाल्लेल्या गुरांचे यकृत बिघडते, अंगात साचलेल्या द्रव्यावर ऊन पडते आणि कातडी भाजल्यासारखी होते. त्रास मुख्यतः फिकट कातडीच्या भागांना होतो. रंग हा केवळ शोभेचा नसतो, त्याचे धागे शरीरात खोलवर गेलेले असतात, हे डार्विनने ओळखले होते. ते धागे कोणते, हे त्याला सांगता आले नाही.

दूध-पाणी की तीळ-तांदूळ

आपल्या जुन्या शास्त्रकारांनी मिश्रणाचे दोन प्रकार सांगितले आहेत. दूध आणि पाणी एकदा मिसळले, की वेगळे काढता येत नाही. तीळ आणि तांदूळ मिसळले, तरी दाणा न् दाणा वेगळा राहतो, निवडताही येतो. डार्विनच्या काळातल्या बहुतेकांना वारसा दूध-पाण्यासारखा वाटे. उंच बाप आणि बुटकी आई यांचे मूल मध्यम.

१८६७ मध्ये फ्लीमिंग जेंकिन नावाच्या अभियंत्याने याच समजुतीवर बोट ठेवून डार्विनला अडचणीत आणले. एखाद्या प्राण्यात चांगला गुण उपजला, तरी दर पिढीत तो निम्मा होत जाईल. काही पिढ्यांत तो विरघळून संपेल. मग निसर्ग निवडणार तरी काय? आक्षेप बिनतोड होता. डार्विनने १८६८ मध्ये स्वतःची कल्पना मांडली, की शरीराच्या प्रत्येक भागातून सूक्ष्म कण निघतात आणि ते जननेंद्रियांत जमतात. त्याचा नातलग फ्रान्सिस गाल्टन याने ती तपासायला चंदेरी सशांच्या अंगात दुसऱ्या रंगाच्या सशांचे रक्त घातले. कण रक्तातून वाहत असतील, तर पिल्लांचा रंग बदलायला हवा होता. १८७१ मध्ये त्याने निकाल जाहीर केला: पिल्ले चंदेरीच निपजली.

चुटपुट लागते ती पुढच्या गोष्टीची. डार्विनने स्वतः स्नॅपड्रॅगन या फुलझाडाच्या दोन जातींचा संकर केला होता. पहिल्या पिढीत सगळी फुले एकाच, नेहमीच्या आकाराची आली. दुसऱ्या पिढीत १२७ रोपांपैकी ८८ नेहमीच्या आकाराची, ३७ दुसऱ्या आकाराची आणि अवघी २ मधली निघाली. लोपलेला गुण जसाच्या तसा परत आला होता, जवळपास चारात एक या प्रमाणात. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात ब्रनो येथील मठात ग्रेगोर मेंडेलने वाटाण्यावर हेच पाहिले होते, त्याचे गणित मांडले होते आणि १८६६ मध्ये ते छापलेही होते. डार्विनने तो निबंध वाचला नाही. त्याने ८८ आणि ३७ हे आकडे पुस्तकात दिले आणि पान उलटले.

१९ एप्रिल १८८२ रोजी हृदयविकाराने डार्विन गेला, वयाच्या ७३ व्या वर्षी. वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याला पुरले. मेंडेलचे काम जगासमोर आले ते १९०० मध्ये. वारसा तीळ-तांदळाचा आहे, हे तेव्हा कळले. गुण दिसेनासा होतो, पण विरघळत नाही. जेंकिनचा आक्षेप तिथेच संपला.

पांढऱ्या केसांचे तीन प्रकार

आता त्या रोन घोड्याकडे वळू. पांढरे केस विखुरलेले घोडे एकाच प्रकारचे नसतात. त्यांतले तीन प्रकार एकमेकांसारखे दिसतात, पण त्यांची कारणे वेगळी आणि परिणामही वेगळे. ते ओळखायला तीन प्रश्न पुरतात: खूण जन्मापासून आहे का, ती वाढते आहे का, आणि कोणता भाग सुटला आहे?

पहिला खरा रोन. शिंगरू जन्मतः किंवा पहिले केस झडल्यावर रोन दिसते आणि मग आयुष्यभर साधारण तसेच राहते. ऋतूनुसार रंग गडद-फिका होतो, पण वर्षागणिक पांढरेपणा वाढत नाही. डोके, आयाळ, शेपूट आणि पायांचा खालचा भाग गडद राहतो. अंगावर जखम झाली, तर तिथे बहुधा गडद केस उगवतात, आणि हौशी लोक या डागांवरूनच खरा रोन ओळखतात. हा रंग किट नावाच्या जनुकाच्या परिसराशी जोडलेला आहे.

दुसरा करडा, वयाबरोबर पांढरा होत जाणारा. हे शिंगरू गडद जन्मते. पुढे दरवर्षी पांढरे केस वाढतात, डोकेही सुटत नाही, आणि शेवटी घोडा पांढराशुभ्र होतो. वरातीत दिसणारे अनेक पांढरे घोडे असे असतात. जन्मतः पांढरा, गुलाबी कातडीचा नुकरा निराळा. करड्या घोड्यांत म्हातारपणी मेलानोमा या रंगपेशींच्या गाठी फार आढळतात. शेपटीखाली आणि गुदद्वाराजवळ काळ्या गाठी दिसल्या, तर पशुवैद्यकाला दाखवाव्यात.

तिसरा ठिपकेदार घराण्यातला. अमेरिकेतील अपालूसा आणि डेन्मार्कमधील नाब्स्ट्रप घोड्यांच्या अंगावर बिबट्यासारखे ठिपके असतात. याच वंशातले काही घोडे ठिपक्यांविना फक्त पांढऱ्या केसांनी भरत जातात. इंग्रजीत त्यांना व्हार्निश रोन म्हणतात. त्यांचा पांढरेपणा वयाबरोबर वाढतो, म्हणून ते करड्यासारखे वाटतात. शिवाय गडद भागही उरतो, म्हणून रोनसारखे वाटतात. फरक हाडांवर दिसतो. नाकाचा कणा, गालफडे, कोपर, गुडघे आणि कंबरेची टोके अशा जिथे हाड कातडीलगत आहे त्या जागा गडद राहतात. ओठ, डोळ्यांभोवती आणि जननेंद्रियांजवळची कातडी चट्टेरी असते, डोळ्याचा पांढरा भाग माणसासारखा दिसतो आणि खुरांवर उभ्या रेघा असतात. एवढ्या खुणा एकत्र दिसल्या, की तो साधा रोन नाही.

ही ओळख फक्त हौसेची नाही. ठिपक्यांचे जनुक आई आणि बाप दोघांकडून मिळालेला घोडा जन्मतःच रातांधळा असतो. एकाकडूनच मिळाले, तर रात्रीची नजर ठीक राहते. कारण २०१३ मध्ये नेमके कळले: टीआरपीएम-१ नावाच्या जनुकात डीएनएचा एक जादा तुकडा घुसला आहे. हे जनुक रंगपेशींत काम करते आणि डोळ्याच्या पडद्यातल्या, अंधुक उजेडाचा संदेश पुढे देणाऱ्या पेशींतही. म्हणून एकाच बिघाडाने वर केस पांढरे होतात आणि आत रात्रीची नजर जाते. अनेक ठिपकेदार घोड्यांत अंगभर पांढरे आणि मोजकेच ठिपके असणे, ही जनुक दोन्हीकडून आल्याची खूण असते. व्हार्निश रोनमध्ये मात्र नुसत्या नजरेने सांगता येत नाही, तिथे जनुकीय चाचणीच लागते. असा घोडा संध्याकाळनंतर बुजू लागला, तर त्याला खोडकर ठरवून चाबूक मारणे म्हणजे आजाऱ्याला शिक्षा करणे होय.

हे ठिपके माणसाने पैदाशीतून घडवलेले नाहीत. फ्रान्समधील पेश-मेर्ल गुहेत सुमारे २५ हजार वर्षांपूर्वी रंगवलेले ठिपकेदार घोडे आहेत. ते चित्रकाराच्या कल्पनेतले असावेत, असे अनेकांना वाटे. २०११ मध्ये प्राचीन घोड्यांच्या हाडांतील डीएनए तपासले गेले आणि त्या काळच्या रानटी घोड्यांतही ठिपक्यांचे जनुक सापडले. चित्रकाराने बहुधा समोर दिसले तेच काढले होते.

हेच तीन प्रश्न माणसाला

हे सगळे ओपीडीत उपयोगी पडते. अंगावर पांढरा डाग घेऊन माणूस येतो, तेव्हा घरचे आधीच घाबरलेले असतात. जन्मापासून असलेला, न वाढणारा, बहुधा कपाळावरच्या पांढऱ्या बटेसह येणारा डाग हा पायबाल्डिझम असू शकतो. घोड्याच्या रोन रंगाशी जोडलेले ते किट जनुकच बहुतेक वेळा याला कारण असते. नंतर उमटलेला आणि पसरणारा पांढराशुभ्र डाग कोड असू शकतो. कोड संसर्गजन्य नाही, त्यावर उपचार आहेत, आणि त्यापायी कोणाचे लग्न मोडण्याचे कारण नाही. फिकट किंवा लालसर डागावर स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी लगेच करून घ्यावी. त्याची औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात आणि वेळेवर घेतली तर व्यंग टळते. तीन डाग, तीन आजार. लांबून तिन्ही पांढरेच.

रातांधळेपणाचेही तसेच. लहान मूल दिवेलागणीनंतर अडखळू लागले, तर आपण आधी जीवनसत्त्व अ ची कमतरता धरतो, आणि ते योग्यच आहे. नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत सहा-सहा महिन्यांनी मिळणारा डोस चुकवू नये. पण मूल जन्मापासूनच अंधारात चाचपडत असेल, डोस देऊनही फरक पडत नसेल, आणि त्रास वाढतही नसेल, तर तो जन्मजात, स्थिर रातांधळेपणा असू शकतो. माणसातही याचे एक कारण टीआरपीएम-१ हेच जनुक आहे, हे २००९ मध्ये सिद्ध झाले. त्रास वर्षागणिक वाढत असेल आणि बाजूचे दिसणेही कमी होत असेल, तर पडद्याचा दुसरा आजार शोधावा लागतो. जन्मापासून आहे का, वाढते आहे का, काय सुटले आहे? प्रश्न तेच. नात्यातल्या लग्नातून झालेल्या मुलांत असे आजार अधिक दिसतात, कारण एकाच आजोबांकडून आलेला लपलेला दाणा दोन्ही बाजूंनी भेटण्याची शक्यता तिथे जास्त असते. डार्विनची जनगणनेतली मागणी म्हणूनच वाया जाणारी नव्हती.

आता सिकलसेलकडे येऊ. विदर्भात हा आजार अनेक आदिवासी आणि इतर समाजांत आहे, यवतमाळ जिल्हाही त्याला अपवाद नाही. सिकलचे जनुक एकाच पालकाकडून आले, तर माणूस वाहक असतो. तो सहसा ठणठणीत असतो. लहानपणी त्याला जीवघेण्या मलेरियापासून काहीसे संरक्षणही मिळते. हे १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेत दाखवले, आणि माणसातील नैसर्गिक निवडीचे ते आजही सर्वांत स्पष्ट उदाहरण मानले जाते. मलेरियाच्या जंगलपट्ट्यांत हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकले ते यामुळे. यात कोणाचा दोष नाही आणि कोणत्या समाजाला कमीपणाही नाही.

पण दोन वाहकांचे लग्न झाले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. डार्विनच्या फुलांत लोपलेला आकार दुसऱ्या पिढीत परत आला, तसेच हे. आईवडील धडधाकट, आजी-आजोबा धडधाकट, आणि मूल हातपाय दुखून रात्रभर रडते. घरचे म्हणतात, आमच्यात असे कधी नव्हते. ते होते, फक्त दिसत नव्हते.

वाहकाचे रक्त इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी यंत्रावर तपासले, की नेहमीचे आणि सिकलचे अशी दोन हिमोग्लोबिन शेजारी-शेजारी, वेगवेगळी दिसतात. एकात एक विरघळून तिसरेच काही झालेले नसते. रोन घोड्याच्या अंगावर डोळ्यांनी दिसते, ते इथे कागदावर दिसते. त्याआधीची सॉल्युबिलिटी चाचणी बोटातल्या थेंबभर रक्तावर होते आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळते. १ जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू आहे आणि २०४७ हे उद्दिष्ट ठेवले आहे. आजार झालेल्यांनी हायड्रॉक्सियुरिया डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घेतले, तर वेदनांचे झटके कमी होतात. लग्न आधीच झाले असेल आणि दोघे वाहक असतील, तर गरोदरपणाच्या सुरुवातीलाच सांगावे, बाळाची तपासणी करता येते.

लग्न जुळवताना आपण गोत्र पाहतो, पत्रिका पाहतो, मुलीचा रंगही पाहतो. त्यांपैकी एकही गोष्ट रक्तातला हा दाणा दाखवत नाही. डार्विनने आपल्या मुलांच्या उशाशी बसून जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर देणारी चाचणी त्याच्या काळात जगात कुठेच नव्हती. आज ती आपल्या तालुक्यात आहे. साखरपुड्याच्या आधी दोन्ही घरांनी एक सकाळ आरोग्य केंद्रात जावे, एवढेच उरते.